झाकली मूठ किती लाखाची?

कॉर्नेलियाच्या बाजारात चौघं उभे आहेत. चौघांच्या मिळून गाठीशी 400 गिल, आणि वेशीबाहेरच्या माळावर राक्षसांचा सुळसुळाट. काळ्या जादूगाराला आगीचा मंत्र घ्यायचाय, त्याचे 100 गिल. पांढऱ्या जादूगाराला जखम भरून काढणारा मंत्र हवा, त्याचेही 100. योद्ध्याची नजर साखळ्यांच्या चिलखतावर खिळलीय, ते 80 ला, आणि वर तलवारीचे वेगळे. चौथा गडी मात्र काही मागत नाही. त्याच्या हातात 10 गिलचं लाकडी नुनचाकू दिलं की तो खूश. थोड्या दिवसांनी तो तेही काढून ठेवतो.

हा प्रसंग 'फायनल फँटसी' या जपानी गेममधला. 18 डिसेंबर 1987 रोजी तो निन्तेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी बाजारात आला. या चौथ्या गड्याचं मूळ नाव 'मंक', म्हणजे भिक्षू. 1990 मध्ये तो अमेरिकेत गेला तेव्हा त्याचं बारसं 'ब्लॅक बेल्ट' असं झालं. त्याचं गणित पाटीवर मांडता येईल इतकं सोपं आहे. हातात काहीच नसेल तर त्याच्या ठोशाचं बळ म्हणजे त्याच्या पातळीची दुप्पट. अंगावर चिलखत नसेल तर त्याचा बचाव म्हणजे त्याची पातळी. पहिल्या काही पातळ्यांवर नुनचाकूचा मार जास्त बसतो. पुढे एक दिवस असा येतो की खेळाडू सहज म्हणून ते काढून बघतो आणि पडद्यावरचा आकडा वाढतो. त्या दिवसापासून या गड्यावर शस्त्रापायी एक छदाम खर्च करावा लागत नाही. घरातला एक मुलगा फी, पुस्तकं, कपडे काही न मागता पहिला नंबर काढतो, तसा हा.

खेळाडूची सोय झाली, पण गेम बनवणाऱ्याची पंचाईत झाली. कारण या जातीच्या खेळांचं रहाटगाडगं दुकानावर फिरतं. राक्षस मारा, पैसे मिळवा, त्यातून तलवार घ्या, त्या तलवारीने मोठा राक्षस मारा, पुन्हा दुकानात या. ज्याला तलवारच नको तो माणूस या रहाटाच्या दात्यांत अडकलेला दगड. त्याला दुबळा ठेवला तर कोणी निवडणार नाही, आणि तगडा केला तर लोहाराचं दुकान ओस पडेल. गेल्या 50 वर्षांत नि:शस्त्र लढवय्या कसा बदलत गेला हे पाहायचं तर कुंग फूपेक्षा या जमाखर्चाकडे पाहिलेलं बरं.

सुरुवात संगणकावर झालीच नाही, झाली ती कागद, पेन्सिल आणि फाशांवर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावात गॅरी गायगॅक्स यांनी डेव्ह आर्नसन यांच्या साथीने 1974 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ती 1000 प्रतींची. छपाईला पैसे नव्हते, ते ब्रायन ब्लूम या तरुणाने 2000 डॉलर घालून भागीदार होत पुरवले. पुढच्याच वर्षी, 1975 मध्ये, आर्नसन यांच्या नावावर 'ब्लॅकमूर' ही पुरवणी निघाली आणि तिच्यात मंक पहिल्यांदा अवतरला. त्याआधीचा सगळा गोतावळा युरोपी होता: सरदार, धर्मगुरू, जादूगार, चोर. त्यांच्यात हा अनवाणी पाहुणा आला कुठून?

गायगॅक्स यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, ही कल्पना ब्लूम यांची आणि तिचं मूळ 'द डिस्ट्रॉयर' या स्वस्त कादंबरीमालेत. वॉरन मर्फी आणि रिचर्ड सॅपिर यांच्या या मालेतली पहिली कादंबरी 1971 मध्ये आली. नायक रेमो विल्यम्स हा अमेरिकी पोलीस, त्याचा गुरू चियून हा कोरियन म्हातारा, आणि विद्येचं नाव सिनान्जू. हा रेमो बोटाने भिंती फोडतो आणि गोळ्या चुकवतो. म्हणजे या भिक्षूचा पूर्वज शाओलिनच्या मठात सापडत नाही, तो सापडतो रेल्वे फलाटावर विकल्या जाव्यात अशा पुस्तकांच्या चळतीत.

अर्थात त्या दिवसांत हवाच तशी होती. 'कुंग फू' ही दूरचित्रवाणी मालिका 1972 ते 1975 अमेरिकेत घरोघरी दिसत होती. 1973 मध्ये ब्रूस ली गेला आणि महिन्याभराने त्याचा 'एंटर द ड्रॅगन' तिथल्या पडद्यावर लागला. 1974 मध्ये कार्ल डग्लस या जमैकन गायकाच्या 'कुंग फू फायटिंग' या गाण्याने ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिला क्रमांक गाठला. ते मुळात रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकायचं म्हणून घाईत ध्वनिमुद्रित केलेलं. निर्माता होता बंगळुरूचा बिद्दू. सहा वर्षांनी 'कुर्बानी'तल्या 'आप जैसा कोई'ची चाल ज्याने बांधली, तोच हा. कुंग फूची पाश्चात्त्य लाट उसळवणाऱ्यांत एक हात बंगळुरूचाही होता, हे आपल्याकडे गणपतीच्या मांडवात त्या चालीवर नाचणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

1978 च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये मंकचे नियम सविस्तर आले, आणि ते वाचताना आजही हसू आवरत नाही. आधी प्रवेशपरीक्षा: बळ, शहाणपण आणि चापल्य तिन्ही 15 किंवा वर. तीन फासे टाकून हे जमणं म्हणजे लॉटरीच. एवढ्या नवसाने जन्माला आलेल्या भिक्षूचा पहिल्या पातळीवरचा ठोसा किती? एक ते तीन. साधी लांब तलवार एक ते आठ, चोराचा खंजीरसुद्धा एक ते चार. चिलखत घालायचं नाही, ढाल धरायची नाही, धन साठवायचं नाही. असा गडी पहिल्याच भुयारात जाऊन ठोसा उगारायचा आणि हात दाखवून अवलक्षण करून घ्यायचा.

पण जो टिकला, त्याचं नशीब उघडलं. सतराव्या पातळीवर ठोसा आठ ते बत्तीस, आणि एका फेरीत असे चार. तिथवर पोहोचण्याच्या वाटेवर एक विलक्षण अट होती. सातव्या पातळीपुढे जागा मोजक्या. आठव्या पातळीचे 'मास्टर ऑफ ड्रॅगन्स' जगात फक्त तीन. त्याच्या वरच्या प्रत्येक पायरीवर एकच: उत्तर वाऱ्याचा स्वामी एक, हिवाळ्याचा एक, वसंताचा एक, आणि सगळ्यांच्या डोक्यावर 'ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स', फुलांचा महागुरू. वर जायचं तर त्या जागेवर बसलेल्याला शोधून काढायचं, आव्हान द्यायचं आणि चीतपट करायचं. हरला तर खालच्या पायरीवर घसरायचं. कोल्हापूर-सांगलीच्या तालमीत वाढलेल्या कोणाला हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. गदा एकच असते आणि ती मागून मिळत नाही. इतर बहुतेक क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, अनुभवाचे गुण साठवून वर चढत. मंकला मात्र वर चढायला समोर माणूस लागायचा. या साऱ्या नियमांत हाच सगळ्यात चांगला होता, असं आता वाटतं. नंतरच्या बहुतेक गेमनी तो सोडून दिला, हे त्यांचं नुकसान.

इथे खऱ्या शाओलिनकडे वळून पाहिलं तर गंमत आणखी वाढते. हेनान प्रांतातला हा मठ पाचव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झाला, आणि परंपरा सांगते की तो बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी बांधला गेला. 621 मध्ये तिथल्या भिक्षूंनी ली शिमिन या पुढे तांग सम्राट झालेल्या राजपुत्राला लढाईत मदत केली. मठातल्या 728 च्या शिलालेखात त्याची नोंद आहे. पण सोळाव्या शतकात हे भिक्षू नावाजले होते ते काठीसाठी. 1553 च्या सुमारास किनाऱ्यावरच्या चाच्यांशी ते लढले तेही दांडे घेऊन. तेल अवीव विद्यापीठातले अभ्यासक मेइर शहार यांनी 2008 च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की शाओलिनमध्ये रिकाम्या हाताची विद्या भरभराटीला आली ती त्यानंतर, सतराव्या शतकाकडे सरकताना. बोधिधर्माने दक्षिण भारतातून येऊन भिक्षूंना व्यायाम शिकवला आणि त्यातून कुंग फू निघालं, ही आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाणारी कथाही 1624 च्या एका व्यायामग्रंथाच्या आधाराने पसरली. बोधिधर्म त्याच्या हजारेक वर्षं आधीचा. म्हणजे ज्या रिकाम्या हातासाठी मठाचं नाव झालं, तो हात मठाच्या इतिहासात बराच उशिरा रिकामा झाला.

संगणकावर हा गडी आला तो वेष पालटून. 1981 मध्ये अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा 'विझार्ड्री' ॲपल टू यंत्रावर आला. त्यात मंक नव्हता, निन्जा होता. निन्जा व्हायला सहाच्या सहा गुण 17 लागत, शिवाय स्वभाव दुष्ट. एवढं करून झालेला निन्जा रिकाम्या हाताने एका फटक्यात राक्षसाचं मुंडकं उडवू शके, आणि अंगावर काहीही न घालता त्याचा बचाव पातळीगणिक सुधारत जाई. खेळाडूंनी हिशेब केला आणि आपल्या निन्जाला भुयारात चक्क उघडा पाठवायला सुरुवात केली. जपानमध्ये 'विझार्ड्री'ची भक्ती जडलेल्यांत उघडा निन्जा ही दंतकथाच झाली.

त्याच 'विझार्ड्री'वर पोसलेल्या युजी होरी यांनी 'ड्रॅगन क्वेस्ट' मालिका उभी केली. तिचा तिसरा भाग 10 फेब्रुवारी 1988 रोजी आला तेव्हा टोकियोच्या दुकानांबाहेर रांगा लागल्या आणि पहिल्याच दिवशी 10 लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यातल्या नि:शस्त्र लढवय्याला जपानीत 'बुतोका' म्हणतात. चित्रं 'ड्रॅगन बॉल'वाल्या अकिरा तोरियामा यांची, त्यामुळे मुठी वळणं त्यांच्या हाताला सवयीचंच. बुतोका चपळ आणि त्याचा वर्मी घाव बसण्याची शक्यता पातळीबरोबर वाढणारी. दुकानदाराच्या दृष्टीने मात्र हा गिऱ्हाईक म्हणून निकामी. मग होरींनी त्याला हत्यार दिलं, पण असं की मूठ मूठच राहावी: लोखंडी पंजा.

आणि मग सोन्याचा पंजा. वाळवंटातल्या पिरॅमिडच्या तळघरात एक जागा आहे, जिथे कोणताही मंत्र चालत नाही. जादूगार तिथे नुसते ओझ्याचे बैल. त्या तळघरात हा पंजा मिळतो. तो उचलला की एक आवाज चोराला धमकावतो आणि परतीच्या वाटेवर जवळजवळ पावलोपावली राक्षस अंगावर येतात. चार पावलं, लढाई; दोन पावलं, लढाई. मंत्र बंद, औषधी संपत आलेल्या. पिरॅमिडच्या दाराशी पोचेपर्यंत बुतोकाने पंजाची किंमत रक्तात मोजलेली असते. ज्याला दुकानात गाठता येत नाही त्याच्याकडून वसुली कशी करावी, याचा यापेक्षा देखणा नमुना विरळा.

पंजा हे हत्यार मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. प्रतापगडाच्या पायथ्याची वाघनखं शाळेच्या पुस्तकापासून ओळखीची आहेत. त्याहून जवळचं नातं बडोद्याचं. फ्रेंच प्रवासी लुई रुसले 1860 च्या दशकात खंडेराव गायकवाडांच्या दरबारी राहिला होता. तिथे मल्ल हाताला शिंगाची नखं बांधून एकमेकांना रक्तबंबाळ करत, त्या 'नखी का कुस्ती'चं वर्णन त्याने आपल्या पुस्तकात चित्रासह दिलं आहे. कुस्ती म्हणायची आणि हाताला नखं बांधायची, हा विरोधाभास बडोद्यात कोणाला खटकला नसावा. टोकियोतही खटकला नाही.

जपानी गेमकर्त्यांनी या गड्यात आणखी एक गोष्ट ओतली, ती म्हणजे भारत. 1992 च्या पाचव्या 'फायनल फँटसी'त मंक 'चक्र' वापरून स्वतःच्या जखमा भरतो. 1991 च्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये धाल्सिम नावाचा भारतीय योगी आला. तो मारामारीचा खेळ होता, पात्र वाढवण्याचा नव्हे, पण धाल्सिमकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, आणि हातपाय रबरासारखे लांबणारे. हे लांबणारे हात हठयोगातून आलेले नाहीत. 1976 च्या 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' या तैवानी चित्रपटात एक भारतीय लढवय्या असे हात लांबवतो, तिथून ते उचलले. योगासनं करणाऱ्या कोणत्याही आजोबांना विचारा, एवढा लाभ कोणालाच झालेला नाही.

मारामारीच्या खेळांची लोकप्रियता पाहून 1994 च्या सहाव्या 'फायनल फँटसी'ने सेबिन या पैलवानाला वेगळाच मान दिला. इतरांचे हल्ले यादीतून निवडायचे, सेबिनचे मात्र बटणं ठरावीक क्रमाने दाबून काढायचे. चुकलं की वार फुकट. त्यात एक डाव सप्लेक्सचा, म्हणजे समोरच्याला कमरेत धरून मागे आपटायचं. गेममध्ये एक भुताटकीची आगगाडी येते आणि तिच्याशी लढावं लागतं. सेबिन त्या आख्ख्या गाडीला इंजिनासकट उचलून आपटू शकतो. बनवणाऱ्यांनी गाडीला या डावातून वगळलं नव्हतं, इतकंच. 30 वर्षं झाली तरी या मालिकेच्या चाहत्यांना दुसरं काही आठवो न आठवो, ती उलटी आपटलेली गाडी आठवते.

पश्चिमेत मात्र याच काळात मंकवर वाईट दिवस आले. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ने 1985 मध्ये त्याला 'ओरिएंटल ॲडव्हेंचर्स' या वेगळ्या पुस्तकात नेऊन बसवलं, आणि 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकातून तो गायबच झाला. युरोपी किल्ल्यांच्या जगात हा आशियाई पाहुणा शोभत नाही, असा सूर होता. गेमविश्वात मात्र तो मागच्या दाराने शिरत राहिला. 1997 मध्ये 'डायब्लो'च्या 'हेलफायर' या पुरवणीत आलेला मंक काठीने लढायचा. बनवणाऱ्यांना ठाऊक असो वा नसो, खऱ्या शाओलिनच्या सगळ्यात जवळ तोच गेला. 1999 च्या अखेरीस 'नेटहॅक' या अक्षरांनी रंगवलेल्या जुन्या गेममध्ये मंक आला तो व्रतस्थ. त्याने मांस खाल्लं की पडद्यावर ओळ उमटते की तुम्हाला अपराधी वाटतंय, आणि पुण्य घटतं. श्रावण पाळणाऱ्याला हे दु:ख कळेल, कारण तळघरात भुकेने जीव जात असताना समोर बहुधा मेलेला राक्षसच पडलेला असतो.

त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या 'एव्हरक्वेस्ट'ने मंकला जे काम दिलं ते कोणत्याही कादंबरीत नव्हतं: मेल्याचं सोंग. इंटरनेटवर हजारो लोक एकाच वेळी खेळत. एका गुहेत दहा राक्षस एकत्र बसलेले, दहाही अंगावर आले तर अख्खी टोळी खलास. मग मंक एकटा पुढे जायचा, त्यांना डिवचायचा आणि पळत येऊन वाटेत धाडकन आडवा पडायचा. राक्षस समजायचे, मेला. ते एकेक करून मागे वळायचे. शेवटचा वळायला लागला की मंक उठून त्या एकालाच खुणावून आपल्या टोळीकडे न्यायचा. या कामाला 'पुलिंग' म्हणत, आणि चांगला पुलर मंक गावात शोधून सापडत नसे. इथेही हिशेब चुकला नव्हता. मंकच्या अंगावरचं ओझं ठरावीक वजनाच्या वर गेलं की त्याचा बचाव ढासळे, आणि त्या जगात नाण्यांनाही वजन होतं. म्हणून हे विरक्त भिक्षू तांब्याची नाणी उचलतच नसत, चांदी-सोन्यालाही नाक मुरडत. धन साठवायचं नाही हा 1978 चा नियम इथे वजनकाट्यावर उतरला.

2000 साली मंकचं पुनर्वसन झालं. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या तिसऱ्या आवृत्तीने त्याला मुख्य पुस्तकात परत घेतलं. ठोसा आता सहा बाजूंच्या फाशापासून सुरू होऊन वरच्या पातळ्यांवर 20 बाजूंच्या फाशापर्यंत जाणारा. त्याच वर्षीच्या 'बाल्डर्स गेट टू'चे नियम खरं तर जुन्या दुसऱ्या आवृत्तीचे, तरी बायोवेअरने मंकला त्यात पुढून उसना आणला.

'एल्डर स्क्रोल्स' मालिकेने रिकाम्या हाताला थोडं वेगळं वागवलं. 2002 च्या 'मॉरोविंड'मध्ये ठोसे आधी समोरच्याचा दम काढत. दम संपून तो बेशुद्ध पडला की मगच जखमा सुरू. कल्पना सुरेख, पण खेळायला कंटाळवाणी, कारण तलवारवाल्याचा राक्षस केव्हाच मरून गेलेला असे. 2011 च्या 'स्कायरिम'ने हे कौशल्यच यादीतून काढून टाकलं. हट्टी खेळाडूंना मग रिफ्टन शहराखालच्या गटारात एका मुष्टियोद्ध्याच्या अंगावर सापडणारे हातमोजे आणि मांजरमुख्या खजीत जमातीची नखं, एवढ्यावर भागवावं लागलं.

मग 2012 उजाडलं, आणि चार महिन्यांच्या अंतराने एकाच ब्लिझर्ड कंपनीच्या दोन गेममध्ये मंक अवतरला. मे महिन्यात 'डायब्लो थ्री', सप्टेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची 'मिस्ट्स ऑफ पँडारिया' ही पुरवणी. दोन्हींत मंक ठोसे मारतो, लाथा घालतो, हवेत गिरक्या घेतो. आणि दोन्हींत ठोशाचा आकडा ठरतो त्याने बाळगलेल्या शस्त्रावरून. 'डायब्लो थ्री'त खेळाडू मंकला मोठी कुऱ्हाड देतो. कुऱ्हाड पाठीला अडकून राहते, मंक मुठीने विजेचे तडाखे देतो, आणि गणित मात्र कुऱ्हाडीच्या पात्यावरून मांडलं जातं. आणखी चांगली कुऱ्हाड मिळाली की मूठ आणखी जड.

कारण उघड आहे. या दोन्ही गेमचा सगळा डोलारा राक्षसाच्या पोटातून निघणाऱ्या ऐवजावर उभा. तो ऐवज एका क्लासला नकोच असेल तर त्या खेळाडूने रात्र रात्र जागून काय गोळा करायचं? 1987 मध्ये रहाटाच्या दात्यांत अडकलेला तो दगड ब्लिझर्डने असा गुळगुळीत करून पुन्हा रहाटात बसवला. डोळ्यांना नि:शस्त्र, वहीत सशस्त्र. चतुराईला दाद द्यावी लागते, पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणताना ती उघडली तर आत कुऱ्हाड निघते, हे काही बरं वाटत नाही.

2015 च्या 'पिलर्स ऑफ इटर्निटी'ने प्रामाणिक वाट शोधली होती. तिथला मंक जेवढा मार खातो तेवढ्या त्याच्या नावावर जखमा जमा होतात, आणि त्या खर्चून तो आपले डाव टाकतो. त्याची मिळकतच मार खाण्याची. आखाड्यातल्या उस्तादाने मान डोलावली असती, पण ही वाट फारशी कोणी धरली नाही.

3 ऑगस्ट 2023 रोजी 'बाल्डर्स गेट थ्री' संगणकांवर आला. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजचा हा गेम लोकांनी डोक्यावर घेतला, आणि त्यातला मंक खेळाडूंच्या आवडत्या क्लासांपैकी एक ठरला. नियमानुसार मंकची मदार चापल्यावर. पण 'टॅव्हर्न ब्रॉलर' म्हणजे गुत्त्यातला मारामारीखोर, ही पात्रता घेतली की बळाचा आकडा ठोशाला दोनदा लागतो. मग बळ वाढवायचं कसं, तर टेकडीवरच्या राक्षसाचं बळ देणारा काढा प्यायचा. एका बाटलीने बळ थेट 21 वर. तिचा अंमल रात्रीच्या झोपेपर्यंत, सकाळी पुन्हा नवी बाटली.

पहिल्या भागात ही बाटली मिळते ड्रुइडांच्या वस्तीत, एथेल नावाच्या गोडबोल्या म्हातारीकडे. ती औषधी पाल्याची टोपली घेऊन बसलेली असते, आणि खरी जात पुढे दलदलीत कळते: ती चेटकीण आहे. चेटकीण मेली की तिचं दुकान बंद, म्हणून मंक खेळणारे बरेच जण तिचा निकाल लावायची घाई करत नाहीत. चिलखत नको, तलवार नको म्हणणारा हा भिक्षू दर मुक्कामानंतर सकाळी उठून तिच्या टोपलीपाशी उभा राहतो आणि तीन बाटल्या विकत घेतो.